न दिलेलं कार्ड हरवल्याबद्दल

माझ्या हुद्द्याचं नाव ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑपरेशन्स टेक्निशियन. ते पूर्ण सांगून होईपर्यंत समोरच्याचा माझ्यातला रस संपलेला असतो. चिंचवडला असलेल्या माझ्या सासूबाईंनी त्यातला फक्त शेवटचा शब्द उचलला आणि नोकरी लागल्यानंतरच्या पहिल्याच सुट्टीत बिघडलेला मिक्सर माझ्यापुढे ठेवला. "तू तिकडे तेच करतेस ना गं?" मी मिक्सर उघडला, आत पाहिलं, गंभीर चेहऱ्याने पुन्हा बंद केला आणि "पार्ट मागवावा लागेल" असं म्हणाले. ऑफिसातही मी साधारण हेच करते, त्यामुळे सासूबाईंचा अंदाज अगदीच चुकला असं म्हणता येणार नाही.

मी सिंगापूरमधल्या एका कम्युनिटी कॉलेजात आहे. आमच्याकडे शिकायला येणारे बहुतेक जण वयाने मोठे. कुणाची नोकरी गेलेली, कुणाला बढती हवी असलेली, कुणी निवृत्तीनंतर घरात करमत नाही म्हणून आलेलं. वर्गखोल्या, प्रोजेक्टर, दारं उघडायची कार्डं, हजेरी, आणि या सगळ्यांबद्दलच्या तक्रारी माझ्याकडे. एसी फार गार झाला की लोक माझ्याकडे येतात आणि पुरेसा गार होत नसला तरी माझ्याकडेच येतात. शिक्षकाचा लॅपटॉप पडद्यावर दिसेना झाला की मी धावत जाऊन वायर जरा आत ढकलते आणि वर्ग टाळ्या वाजवतो. या कौशल्यासाठी मी पुण्यात अर्थशास्त्रात एम. ए. केलं आणि सहा वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवलं होतं. मग नवऱ्याला इथल्या बुओना व्हिस्टा भागातल्या एका संशोधन कंपनीत नोकरी लागली, आम्ही इथे आलो, काही वर्षांनी पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाला आणि मलाही पुन्हा कॉलेजात पाऊल ठेवता आलं. फळ्याच्या बाजूने नाही, एवढंच.

आमच्या मजल्यावर सफाईचं काम करणारी एक चिनी आंटी होती. वय साठीच्या पुढे, उंची माझ्या खांद्याएवढी, हातात कायम एक निळं फडकं. ती मला 'गर्ल' म्हणायची. चव्वेचाळिसाव्या वर्षी मला गर्ल म्हणणारी व्यक्ती सबंध बेटावर ती एकटीच असल्यामुळे माझं तिच्याविषयी चांगलं मत होतं. तिचं इंग्रजी क्रियापदांच्या फारसं नादी लागत नसे आणि माझं इंग्रजी तिला पुण्याच्या उच्चारांमुळे कळत नसे. तरी आमचं बरं चाललं होतं. वर्गात कुणाची छत्री, चष्मा, डबा राहिला की ती आणून माझ्या काउंटरवर ठेवायची आणि मी ते रजिस्टरमध्ये लिहिते की नाही हे उभी राहून पाहायची.

एके दिवशी ती फडकं न घेता आली. काउंटरच्या पलीकडे, विद्यार्थी उभे राहतात तिथे उभी राहिली आणि म्हणाली, "गर्ल, मला शिकायचं. इंग्लिश. लिहायचं."

शनिवारी सकाळी आमच्याकडे इंग्रजी लेखनाचा एक प्राथमिक वर्ग चालतो. शनिवारची तिची पाळी साडेआठला संपायची आणि वर्ग नऊला. मला फार आनंद झाला. आजन्म शिक्षण, वय हा फक्त आकडा, असली वाक्यं आमच्या भिंतीभर लावलेली आहेत. त्यातलं एखादं खरं होताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मी विचारलं, "काय लिहायचंय, आंटी? नातवंडांना पत्रं?"

"नाही. घराच्या वरच्या फ्लॅटचा मालक. त्याला पत्र. त्याचं पाणी माझ्या बाथरूममध्ये. टप टप टप." तिने छताकडे बोट दाखवलं. "मुलगा लिहून देतो. पण मुलगा फार पोलाइट."

तर हा आजन्म शिक्षणामागचा हेतू होता. मला तो भिंतीवरच्या सगळ्या वाक्यांपेक्षा पटला.

मी उत्साहाने तिचं नाव भरायला घेतलं. ओळखपत्राचा क्रमांक टाकला. संगणकाने सांगितलं, ही व्यक्ती आधीच अस्तित्वात आहे. हे खरंच होतं, ती समोर उभी होती. पण संगणकाच्या लेखी ती 'कंत्राटी सफाई' या सदरात अस्तित्वात होती आणि एका माणसाने एकाच सदरात अस्तित्वात असावं असा त्याचा नियम होता. वर्गात तिचं नाव घालता आलं, फीची पावतीही निघाली. पैसे घ्यायला अस्तित्वाची अडचण येत नाही. फक्त विद्यार्थ्याचं कार्ड निघेना.

आता आमच्याकडे कार्ड म्हणजे सगळं. दाराशेजारच्या यंत्राला कार्ड लावलं की दार उघडतं आणि तीच हजेरी. वेगळी हजेरी कुणी घेत नाही, कारण ती माणसाने घ्यायची म्हटली तर चूक होऊ शकते.

आंटीकडे सफाईचं कार्ड होतं. त्याने इमारतीतलं प्रत्येक दार उघडायचं, प्राचार्यांच्या खोलीचंसुद्धा. शनिवारी पावणेनऊला ती निळा गणवेश बदलून फुलाफुलांचा ब्लाउज घालून वर्गापाशी यायची. बाकीचे पंधरा-वीस जण बाहेर ताटकळत असायचे, कारण त्यांची कार्डं नऊच्या ठोक्याला चालू व्हायची. अर्धवेळ शिकवायला येणाऱ्या बाईंचंही तेच. मग आंटी आपल्या कार्डाने दार उघडायची, सगळे आत जाऊन बसायचे, नऊ वाजता एकेकजण उठून यंत्राला कार्ड लावून यायचा आणि हजर व्हायचा. दार उघडणारी तेवढी गैरहजर. यंत्राच्या मते ती सफाई करून गेलेली होती.

तीन शनिवार झाल्यावर तिला कॉलेजकडून पत्र गेलं. ही पत्रं आपोआप जातात, त्यांच्यामागे कुणाचा हात नसतो, आणि म्हणूनच बहुधा त्यांची भाषा इतकी मायाळू असते. आंटी ते पत्र घेऊन माझ्याकडे आली. मी वाचून दाखवलं: आपण वर्गात दिसत नाही आहात, आम्हाला आपली काळजी वाटते, सर्व ठीक आहे ना, आणि हजेरी पंचाहत्तर टक्के न भरल्यास परीक्षेला बसता येणार नाही.

"मी तर इथे," ती म्हणाली.

"हो, आंटी."

"रोज इथे. सोमवार, मंगळवार, रोज."

"हो. पण शनिवारी नऊनंतर तुम्ही इथे नसता, असं त्यांचं म्हणणं आहे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू ते पत्र मीच रात्रभर बसून लिहिलं होतं.

मी आमच्या मॅनेजरकडे गेले. वयाने माझ्याहून दहा वर्षं लहान, सभ्य, कधीही आवाज न चढवणारा माणूस. त्याच्या टेबलावर एकही कागद नसतो, कारण आलेला प्रत्येक कागद तो दुसऱ्याकडे पाठवतो. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "फार इंटरेस्टिंग केस आहे. आयटीकडे तिकीट टाका."

मी तिकीट टाकलं, म्हणजे संगणकावर रीतसर तक्रार नोंदवली. आठ दिवसांनी उत्तर आलं की प्रणाली अपेक्षेप्रमाणे काम करत आहे; संबंधित व्यक्तीने दोनपैकी एक भूमिका सोडल्यास अडचण दूर होईल. म्हणजे साठीपुढच्या बाईने इंग्रजी शिकण्यासाठी नोकरी सोडावी. खाली पाच चेहरे होते, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, आणि प्रश्न होता: आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात? मी रडका चेहरा दाबला. त्यावर आभाराचं पत्र आलं. दुसरं तिकीट टाकलं, तर ते पहिल्याचीच पुनरावृत्ती म्हणून बंद झालं.

मग मी माझी अक्कल वापरली. आपण सरकारी कचेऱ्यांच्या देशात वाढलेली माणसं. खिडकी बंद असली की बाजूच्या दाराने कसं जायचं हे आपल्याला शिकवावं लागत नाही. आमच्याकडे कार्ड हरवलेल्यांसाठी एक फॉर्म आहे. तो भरला की दोन शनिवार कागदावर सही करून हजेरी लावता येते. मी आंटीच्या नावाने तो भरला, कारणाच्या रकान्यात 'कार्ड हरवले' असं लिहिलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

"इथे सही करा, आंटी."

"काय आहे?"

"काही नाही, हजेरीसाठी. करा सही."

तिने क्षणभर कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सही केली. दोन शनिवारांनी मी पुन्हा फॉर्म भरला, आणि त्यानंतर आणखी एकदा. मॅनेजरला सांगितलं तेव्हा तो हसून म्हणाला, "क्रिएटिव्ह!" त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर इतकी खूश होते की दोन स्टेशनं आधीच उतरून हॉकर सेंटरमधून, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारातून, सगळ्यांसाठी रोटी प्राटा, म्हणजे इथले पराठे, घेतले. नवऱ्याला जेवताना सगळी हकिगत रंगवून सांगितली. मुलीने मान वर न करता, इथल्या लकबीत, "वाह, सो स्मार्ट लाह" असं म्हटलं. ती चौदा वर्षांची आहे, त्यामुळे हे कौतुक होतं की नव्हतं ते नक्की सांगता येत नाही.

तिसऱ्या फॉर्मनंतर आपोआप जाणाऱ्या पत्रांपैकी आणखी एक निघालं. हे मायाळू नव्हतं. त्यात म्हटलं होतं की आपण अल्पावधीत तीन वेळा कार्ड हरवलं आहे, संस्थेच्या मालमत्तेबाबत असा निष्काळजीपणा योग्य नाही, यापुढे काळजी घ्यावी.

हे पत्र घेऊन आंटी माझ्याकडे आलीच नाही. तोपर्यंत तिला शब्दकोश पाहून थोडंफार वाचता येऊ लागलं होतं. 'निष्काळजी' हा शब्द तिने स्वतः शोधला असावा. मला यातलं काही माहीत नव्हतं. एवढंच लक्षात आलं की दोन-तीन दिवस ती माझ्या काउंटरच्या आसपासची फरशी पुसत होती, पण मला गर्ल म्हणत नव्हती.

पुढच्या आठवड्यात मॅनेजरने मला आत बोलावलं. टेबलावर चक्क एक कागद होता.

"तक्रार आली आहे," तो म्हणाला. "लेखी. सूचनापेटीत टाकलेली."

वर्गाचा आठवा धडा 'तक्रारीचं पत्र कसं लिहावं' हा होता हे मला नंतर कळलं. शिकवणाऱ्या बाईंनी गृहपाठ म्हणून काल्पनिक विषय दिला होता, नादुरुस्त टोस्टर. बाकीच्यांनी टोस्टरवर लिहिलं. आंटीने कल्पनेची मदत घेतली नाही.

पत्र मोठ्या, सुट्या अक्षरांत होतं. एकेका ओळीत एकेक वाक्य. मला ते अजून पाठ आहे, मराठीत साधारण असं: 'मी कार्ड हरवलं नाही. तुम्ही मला कार्ड दिलं नाही. जे दिलं नाही ते कसं हरवतं? मी इथे पुष्कळ वर्षं काम करते. दुसऱ्यांनी हरवलेल्या वस्तू मी परत देते. मी काहीही हरवत नाही. काउंटरवरच्या बाईने कागदावर खोटं लिहिलं. बाई चांगली आहे. पण तिने खोटं लिहिलं. कृपया लवकर उत्तर द्या.'

मी ते दोनदा वाचलं. 'बाई चांगली आहे' या वाक्याचा मला विशेष राग आला.

"तुम्ही खोटी नोंद केलीत?" मॅनेजरने विचारलं.

"मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही क्रिएटिव्ह म्हणालात."

"मला तसं आठवत नाही," तो सभ्यपणे म्हणाला, आणि मला खात्री आहे की त्याला खरोखरच आठवत नव्हतं. तशी तालीम त्याने करून घेतलेली आहे.

आता गंमत अशी की कर्मचाऱ्याने टाकलेल्या तिकिटाला आमच्याकडे मुदत नसते, पण विद्यार्थ्याच्या लेखी तक्रारीला तीन दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. माझी दोन तिकिटं जिथे मरून पडली होती तिथे धावपळ सुरू झाली. आयटीतून एक तरुण स्वतः चालत आला. मी तोवर आयटीतला माणूस प्रत्यक्ष पाहिला नव्हता. मला वाटायचं तेही आपोआपच चालतं. त्याने आंटीच्या क्रमांकाच्या शेवटी एक अक्षर जोडलं आणि संगणकाने तिला निमूट दुसरी व्यक्ती म्हणून मान्य केलं. माझ्या चहाचा कप गार व्हायच्या आत कार्ड छापून बाहेर आलं. पाच आठवडे ज्याला प्रणालीचा मूलभूत नियम म्हणत होते तो एवढाच होता.

आंटीला माफीचं पत्र गेलं, मागची हजेरी धरली गेली. मला लेखी समज मिळाली, आणि 'ग्राहकाशी विश्वासाचं नातं' या विषयावर अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण. प्रशिक्षण आमच्याच इमारतीत होतं. सकाळी तिथला प्रोजेक्टर चालेना म्हणून प्रशिक्षकांनी ऑपरेशन्सला फोन लावला. फोन माझ्याच खिशात वाजला. मी उठले, वायर आत ढकलली आणि परत जागेवर बसून विश्वासाबद्दल ऐकू लागले.

घरी मात्र मी धुमसत होते. "इतकं केलं मी तिच्यासाठी," मी नवऱ्याला म्हटलं. "माझी नोकरी पणाला लावली. आणि तिने सरळ माझ्याच नावाने बोंब मारली."

नवरा भांडी पुसत होता. तो स्वभावाने अत्यंत चिकित्सक, आणि संसारात हा गुण फार त्रासदायक असतो. तो म्हणाला, "तू फॉर्मवर काय लिहिलं होतंस ते तिला सांगितलं होतंस?"

"सांगून काय उपयोग? तिला कळलं नसतं."

"पण सही तिची होती ना?"

मी म्हटलं, तू भांडी पूस.

शनिवारी वर्ग सुटल्यावर आंटी माझ्याकडे आली. फुलाफुलांचा ब्लाउज, गळ्यात नवं कार्ड. मी मुद्दाम स्क्रीनकडे बघत राहिले.

"गर्ल. रागावली?"

"हो."

"बरोबर," ती म्हणाली. रागावणं हे जणू मी वेळेवर केलेलं एखादं काम होतं. मग तिने विचारलं, "पत्र चांगलं होतं?"

मला खोटं बोलायचं होतं, पण नुकतंच प्रशिक्षण झालेलं. "चांगलं होतं. व्याकरणाच्या दोन चुका होत्या."

"टीचर म्हणाली तीन."

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखीच राग आला. "आंटी, मी ते तुमच्यासाठी केलं होतं. तुमची परीक्षा बुडू नये म्हणून. माझ्याकडे येऊन सांगायचं, मी काहीतरी केलं असतं."

मग काउंटरवर दोन्ही हात ठेवून, तिच्या तुटक इंग्रजीत, मध्येच शब्द न सापडून थांबत तिने सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी वरच्या फ्लॅटचा मालक एक कागद घेऊन आला होता. फार गोड बोलला. म्हणाला, काही नाही आंटी, इथे सही करा. तिने केली. नंतर मुलाने वाचलं तर त्यात लिहिलं होतं की गळतीची दुरुस्ती माझ्या समाधानाप्रमाणे पूर्ण झाली आहे. पाणी तेव्हाही ठिबकत होतं. पुढे जिथे जिथे ती तक्रार घेऊन गेली तिथे तिथे तिला तिचीच सही दाखवण्यात आली.

"तो पण म्हणाला, काही नाही, सही करा," आंटी म्हणाली. "तू पण तेच. तो वाईट माणूस, तू चांगली. पण कागद सारखाच."

यावर मी जे बोलले ते आठवायला मला आवडत नाही. मी म्हणाले की दोन्हींत फरक आहे. फरक आहेही. पण तो मला नीट सांगता येईना. वाक्य अर्ध्यावर सोडून मी 'सॉरी' म्हटलं. माझ्या नोकरीत दिवसाला वीस-पंचवीस वेळा सॉरी म्हणावं लागतं, पण हे उच्चारायला जड गेलं. तिने मान हलवली, "ओके लाह" म्हणाली आणि बसस्टॉपकडे निघून गेली.

परीक्षेत ती पास झाली. फार थाटात नाही, काठावरच. मधल्या काळात तिने वरच्या मालकाला स्वतः पत्र लिहिलं. ते मला दाखवलं नाही, पण शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या की तिने त्यातलं त्यांना एकही विशेषण कमी करू दिलं नाही. दुरुस्ती झाली की नाही, हे मी विचारलं तेव्हा आंटी म्हणाली, "अर्धी." म्हणजे पाणी आता फक्त वरच्यांनी अंघोळ केली की ठिबकायचं. ती दुसरं पत्र लिहिण्याच्या तयारीत होती. नंतर सफाईचं कंत्राट दुसऱ्या कंपनीला गेलं आणि तिला आंग मो किओ भागातल्या एका कारखान्याच्या इमारतीत पाठवलं. पुढच्या वर्गाला तिने अजून नाव घातलेलं नाही. घालीन म्हणते.

आम्ही मैत्रिणी झालो असं काही झालं नाही. एवढंच झालं की काउंटरवर कुणाची सही घ्यायची असली की मी आधी सगळा फॉर्म मोठ्याने वाचते. बारीक अक्षरांतलं धरून. समोरचा घड्याळ पाहतो, मागचे सुस्कारे सोडतात, एकदा तर एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, आय कॅन रीड." मी म्हटलं, ऐका तरी. ते ऐकत राहिले आणि चौथ्या कलमाला "हे असं आहे?" म्हणून दचकले.

गेल्या महिन्यात मॅनेजरने पुन्हा बोलावलं. टेबलावर पुन्हा कागद. काउंटरवरची बाई फार वेळ लावते, अशी तक्रार. "जरा वेग वाढवता येईल का?" त्याने विचारलं. मी "नक्की" म्हटलं आणि बाहेर आले. काउंटरपुढे सात जण उभे होते. पहिल्या बाईंच्या हातातला फॉर्म मी घेतला, चष्मा लावला, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.